मुख्याध्यापकांचा डावा कान

आपलं डोकं आपल्याला कधीच नीट दिसत नाही, ही निसर्गाने माणसावर केलेली मोठी कृपा आहे. आरशात बघताना आपण आधीच चेहरा तयार करून उभे असतो आणि फोटो वाईट आला तर फोटोग्राफरला नावं ठेवता येतात. पण पोटच्या पोरीने घडवलेलं आपलं सात किलोचं डोकं बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी येऊन बसलं, तर नावं ठेवायची कुणाला?

लेकीने हायस्कूलात शिल्पकला हा विषय घेतला तेव्हा मी विरोध केला नव्हता. माझी समजूत अशी होती की मुलं वर्गात मातीचे पक्षी वगैरे करतील आणि शाळा सुटल्यावर हात धुऊन घरी येतील. पण त्यांच्या शिल्पाच्या बाई फार कडक निघाल्या. वर्षाचं मुख्य काम म्हणून त्यांनी फर्मावलं, की प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाचं डोकं करायचं, खऱ्याएवढं. या कामाच्या मार्कांवर पुढच्या वर्षी हा विषय मिळणार की नाही ते ठरणार होतं. जागा बारा होत्या आणि मुलं तेवीस.

"कुणाचं करतेस?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुमचं," ती म्हणाली.

माणसाने अशा वेळी उगाच आढेवेढे घेऊ नयेत. मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, हनुवटी वर केली, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर स्थिर केली आणि खुर्चीत बसलो. मी ज्या कार्यालयात आहे तिथे माझ्याकडे खुलासे मागवण्याचं टेबल आहे. 'आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा' हे वाक्य मी गेली बावीस वर्षं लिहितो आहे. असं काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा करारीपणा आपोआप येतो आणि तो मातीत उतरावा एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

लेक वही घेऊन समोर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही फोटोचा चेहरा करू नका ना."

"हा माझा नेहमीचा चेहरा आहे."

"नाही," ती म्हणाली आणि वही मिटली. दोन दिवस हाच प्रकार झाल्यावर तिने सांगितलं की आता बसायची गरज नाही, ती आठवून करेल. मॉडेल घरात हजर असताना ते आठवून करणं मला जरा लागलं. पण कलावंताशी वाद घालू नये म्हणतात, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट परत कपाटात ठेवला.

पुढचे दोन महिने मला माझ्या डोक्याच्या फक्त बातम्या कळत होत्या. ऑफिस सुटल्यावर मी तिला शाळेच्या गेटवरून घरी घेऊन येतो. रस्त्याने ती सांगायची, आज लाकडी फळीवर सळई उभी केली, आज कवटी झाली, आज तुमची मान बसली. एके दिवशी म्हणाली, "आज तुमचं डोकं तारेने मधोमध कापलं आणि आतून चमच्याने पोखरलं." शेजारून चाललेल्या एका गृहस्थांनी वळून पाहिलं. मला नंतर समजावून सांगण्यात आलं की हे शास्त्र आहे. माती आत भरीव राहिली तर भट्टीत पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि डोकं फुटतं. म्हणून सगळीकडे बोटाएवढी जाडी ठेवून आतली माती काढायची आणि दोन्ही भाग पुन्हा जोडायचे. मी मान डोलावली, आणि शास्त्र तिथेच विसरलो.

मग शिल्पाच्या वर्गाचं छत गळायला लागलं आणि शाळेने तेवीस डोकी वाळवायला घरोघर पाठवली.

माझं डोकं घरी आलं त्या दिवशी बायकोने पदराला हात पुसले, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "अगदी हेच."

मीही बघितलं. कपाळावर तीन आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या, मान किंचित पुढे आलेली, ओठांची टोकं खाली. करारीपणा औषधालाही नव्हता. शिवाय टक्कल. माझ्या डोक्यावर केस नाहीत असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होणार नाही. डाव्या कानापाशी भांग पाडून उजवीकडे पाठवलेले काही निष्ठावंत केस आहेत आणि मी रोज सकाळी त्यांच्यासाठी आठ मिनिटं खर्च करतो. लेकीने त्यांची दखलच घेतली नव्हती.

"मी एवढा थकलेला दिसतो?" मी विचारलं.

ती काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात बायकोने बाईंचा छापील सूचनांचा कागद मोठ्याने वाचायला घेतला. डोकं उन्हात ठेवू नये. डोक्याला वारा लागू देऊ नये. डोक्याला कुणीही हात लावू नये. वारा लागला तर माती एकीकडून आधी वाळते आणि तडे जातात, म्हणून बैठकीच्या खोलीतला पंखा दोन आठवडे बंद. मी घाम पुसत बसायचो आणि समोर माझं डोकं माझ्याकडे निराश होऊन बघत असायचं. घरात एकाच डोक्याची काळजी घेतली जात होती आणि ते माझ्या खांद्यावरचं नव्हतं.

लोक यायला लागले. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या, डोक्यासमोर थबकल्या आणि हळू आवाजात बायकोला म्हणाल्या, "भाऊंना बरं नाही का?" मी त्यांच्यापासून तीन फुटांवर पेपर वाचत होतो.

खालच्या मजल्यावर मोजणीकाका राहतात. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण खिशातली टेप निवृत्त झालेली नाही. त्यांनी आधी मातीचं डोकं मोजलं, मग माझं, मग दोन्ही आकडे पेपरच्या समासात लिहिले.

"कान बरोबर आहेत. नाकही हद्दीत आहे," ते म्हणाले. "पण वरच्या अंगाला भर कमी पडली आहे. बोडकं दिसतं. वर एक बोट भर घातलीत तर रुबाब येईल."

"तिला सांगून बघतो."

"मुलांना काय सांगायचं? माती शिल्लक आहे ना घरात?"

आता वाचक म्हणतील की शहाण्या माणसाने मोजणीकाकांचं ऐकू नये. मान्य आहे. पण दोन आठवडे स्वतःच्या निराश चेहऱ्यासमोर पंख्याशिवाय बसल्यावर शहाणा माणूसही खचतो. त्यातून हे डोकं भाजून झाल्यावर प्रदर्शनात मांडलं जाणार होतं. तिथे आमच्या कार्यालयातले दोघे पालक म्हणून येणार होते. ज्यांच्याकडून मी खुलासे मागवतो त्यांनी मला या अवस्थेत बघावं, हे प्रशासनाच्या दृष्टीनेही बरं नव्हतं.

सोमवारी डोकं शाळेत पोचवायचं होतं. त्याच दिवशी लेकीचा गणिताचा पेपर होता, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी तिने डोकं जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवलं आणि ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. बायको बहिणीकडे गेली होती. मी दार लावलं, चादर सोडली, उरलेल्या मातीची पिशवी आणली आणि दाढीचा आरसा टेबलावर उभा केला.

काम सोपं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आधी ओठांच्या टोकांवर मातीच्या दोन गोळ्या दाबून एक सौम्य, पण अधिकारी माणसाला शोभेल असं हसू आणलं. मग केस. आरशात बघत बघत मी चांगली दोन बोटं जाडीची माती कपाळापासून मागे थापली, कंगव्याने रेषा ओढल्या आणि भांग पाडला. हात ओला करून वरून फिरवला. तासाभराने मी मागे सरून बघितलं तर डोकं दहा वर्षांनी तरुण झालं होतं. मी ते पुन्हा चादरीत गुंडाळलं, गाठही तिच्यासारखीच मारली.

सोमवारी शाळेच्या कार्यालयात एक अर्ज भरावा लागला. लिपिकाने विचारलं, "वस्तू?"

"डोकं."

"कुणाचं?"

"माझं."

त्याने मान वर करून दोन्हीकडे बघितलं, खात्री करून घेतली आणि पावती दिली. बाई पेपरच्या पर्यवेक्षणाला गेल्या होत्या. भट्टी भरायचं काम प्रयोगशाळेच्या सहायकाकडे होतं. त्याला वस्तू मोजून आत ठेवण्यापलीकडे डोक्यांत रस नव्हता. तेवीस डोकी त्याच दुपारी भट्टीत गेली.

बुधवारी भट्टी उघडली आणि गुरुवारी माझ्या हातात शाळेचं पत्र पडलं.

'आपल्या पाल्याने केलेल्या शिल्पाचा भट्टीत स्फोट होऊन शेजारी ठेवलेल्या मा. मुख्याध्यापकांच्या शिल्पाचा डावा कान निकामी झाला आहे. शिल्प आतून न पोखरणे ही गंभीर चूक असल्याने आपल्या पाल्यास पुढील वर्षी या विषयात प्रवेश का नाकारण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

मुख्याध्यापकांची पुतणी लेकीच्या वर्गात आहे आणि तिने घरातला माणूस म्हणून काका निवडले होते, हे मला तेव्हा कळलं. पत्राचा मसुदा वाईट नव्हता, फक्त मी सात दिवस देतो. बावीस वर्षांत माझ्याकडून खुलासा मागवण्याची ही पहिलीच वेळ होती आणि असं पत्र माणूस उभ्या उभ्या तीन-तीनदा वाचतो, ही माहिती मला नवीन होती.

लेक त्या संध्याकाळी जेवायला उठली नाही. खिडकीपाशी बसून ती स्वतःशीच उजळणी करत होती. "तारेने कापलं. चमच्याने पोखरलं. सुई टोचून जाडी बघितली. जोडताना चरे पाडले, ओली माती लावली. मग फुटलं कुठून?" थोड्या वेळाने ती आईला म्हणाली, "मला जमतच नाही वाटतं. नाही मिळाला विषय तर नाही. मीच नको म्हणते."

मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

लेक झोपायला गेल्यावर बायकोने दाढीचा आरसा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. त्याच्या कडेला माती वाळून बसली होती.

"उद्या शाळेत जा," ती म्हणाली. "आणि खुलासा लिहीत बसू नका. तोंडाने सांगा."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांसमोर उभा राहिलो. टेबलावर त्यांचं मातीचं डोकं होतं, एका कानाचं. शेजारी बाई होत्या आणि दाराशी लेक, वर्गातून बोलावलेली. मी सगळं सांगितलं. केस सांगितले, हसू सांगितलं, मोजणीकाकांचं नाव मात्र घेतलं नाही. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "हे बघा, पालकांचं प्रेम मी समजू शकतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते, मुलाची कॉपी मीच केली म्हणून सांगत होते. परीक्षेच्या वेळी ते परगावी होते. पुरावा काय?"

मी खुलासे मागवणारा माणूस. पुरावा कसा द्यायचा याचा अनुभव मला नव्हता. तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, यांना पुन्हा केस करायला सांगू या."

अशा रीतीने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी हायस्कूलच्या शिल्पाच्या वर्गात एका बुटक्या स्टुलावर जाऊन बसलो. गुडघे छातीला लागत होते. छताखाली तीन बादल्या ठेवल्या होत्या, मुख्याध्यापक आपलं एका कानाचं डोकं पुढ्यात घेऊन बसले होते आणि समोर तेवीस मुलं हाताची घडी घालून उभी होती. बाईंनी मातीचा गोळा दिला.

"त्या दिवशी समोर काय ठेवलं होतंत?"

"दाढीचा आरसा," मी म्हणालो. मागे कुणीतरी हसलं. आरसा आला. मी थापायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच मी मनापासून प्रार्थना करत होतो, की आपलं काम आधीइतकंच वाईट होवो.

प्रार्थना ऐकली गेली. बाईंनी भट्टीतून निघालेले केसांचे दोन तुकडे माझ्या नव्या केसांशेजारी ठेवले. कंगव्याच्या रेषा त्याच, अंगठ्याचे खड्डे तेच. मग त्यांनी भांगावर बोट ठेवलं.

"सर, यांचा भांग डावीकडे आहे. या तुकड्यावर उजवीकडे आहे आणि आत्ताही उजवीकडेच आलाय. आरशात बघून केलं की उलटं होतं. आमच्या वर्गातलं पोर ही चूक पहिल्याच आठवड्यात करून मोकळं होतं. ही मुलगी नाही करणार."

सगळा वर्ग माझ्या भांगाकडे बघायला लागला. बावीस वर्षांची प्रतिष्ठा त्या निष्ठावंत केसांवर लोंबकळत होती. पण लेकीचा चेहरा उजळलेला दिसला. "म्हणजे मी बरोबर पोखरलं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, बाईंकडे बघून.

एवढ्यावर भागलं असतं. पण मुख्याध्यापकांनी नियमांचं पुस्तक मागवलं, आणि ज्या कार्यालयात पुस्तक मागवलं जातं तिथे नियम सापडतोच. "नियम चौदा. विद्यार्थ्याच्या शिल्पास बाहेरच्या व्यक्तीचा हात लागल्यास ते बाद समजावे."

खरं बोलून मी तिला आगीतून फुफाट्यात टाकलं होतं.

बाई शांतपणे उठल्या आणि कपाटातून माझं डोकं घेऊन आल्या. सहायकाने नुसते तुकडे बघून स्फोटाची नोंद केली होती; ढिगाखालचं डोकं बाईंनी त्या सकाळीच साफ केलं होतं. भाजून तांबूस झालेलं. आठ्या जागेवर, डोळ्यांखालच्या पिशव्या जागेवर, ओठांची टोकं खाली, वर लखलखीत टक्कल. कुठे साधा तडासुद्धा नव्हता.

"बाहेरच्या व्यक्तीने लावलं होतं ते सगळं भट्टीत उडून गेलं, सर," बाई म्हणाल्या. "कोरड्या मातीवर ओली थापली होती, चरे न पाडता. ती टिकत नाही. आता उरलंय ते सगळं हिच्या हातचं आहे."

मुख्याध्यापकांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग आपल्या डोक्याकडे. "आणि माझा कान?"

"तो बाहेरच्या व्यक्तीने भरून द्यावा," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे पाच शनिवार मी शिल्पाच्या वर्गात काढले. माती मळायला शिकलो, चरे पाडायला शिकलो. कान ही एवढी अवघड वस्तू असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिला कान चकलीच्या वळणावर गेला. दुसऱ्याला बाईंनी हातही लावला नाही, नुसतं बघून पुढे गेल्या. तिसरा चांगला झाला, पण वाळल्यावर आटून लहान मुलाचा झाला. म्हणून चौथा मोठा केला, तर नेमके त्याच दिवशी मुख्याध्यापक पाहणीला आले आणि त्यांना वाटलं मी टोमणा मारतो आहे.

"वाळल्यावर आटेल, सर," मी उभा राहून म्हणालो. ते स्वतःच्या कानाला हात लावत निघून गेले. मॉडेल म्हणून बसायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

"कुणाचाही कान बघून करा," बाई म्हणाल्या. "फक्त आधी बघा आणि मग हात लावा. तुम्ही उलटं करता."

मग लेकच माझ्यासमोर बसली, डावा कान माझ्याकडे करून, केस मागे बांधून. पाळीच्या वर जुन्या जखमेची एक बारीकशी खाच होती. चार वर्षांची असताना ती सायकलवरून पडली होती आणि मी तिला उचलून दवाखान्यापर्यंत पळत गेलो होतो. ती खाच अजून आहे हे मला माहीत नव्हतं. दहाएक वर्षं हा कान रोज माझ्यासमोर होता आणि मी तो बघितला नव्हता.

"एक विचारू?" मी म्हणालो. "मी खरंच एवढा थकलेला दिसतो?"

तिला मान हलवायची मनाई होती, म्हणून ती भिंतीकडे बघतच बोलली. "ते थकलेलं नाहीये, बाबा. शाळा सुटल्यावर तुम्ही गेटपाशी उभे असता ना, तेव्हा मी तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही असे दिसता. मान पुढे करून शोधत असता. मी दिसले की लगेच फोटोचा चेहरा करता. मी रोज लांबून बघते."

अंगठा जरा जास्तच दाबला गेला आणि पाचवा कान वाया गेला.

सहावा भट्टीतून नीट बाहेर आला. प्रदर्शनात मुख्याध्यापकांचं आणि माझं डोकं शेजारी शेजारी होतं. कार्यालयातले दोघे आले, माझ्या डोक्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या गोष्टी बोलले. लेकीचं नाव बारा जणांच्या यादीत तिसरं होतं. मुख्याध्यापक आपल्या डोक्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "कान मात्र हुबेहूब जमलाय. अगदी माझाच."

"हो सर," मी म्हणालो. पाळीच्या वरची ती खाच त्यांना दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी नेहमीसारखा गेटपाशी जाऊन उभा राहिलो. चेहऱ्याचं काय करावं ते कळेना. मुलांचे घोळके बाहेर पडत होते आणि माझी मान आपोआप पुढे गेली. मग लेक दिसली. मी ठरवून चेहरा तसाच राहू दिला, हनुवटी वर केली नाही, काही नाही. ती जवळ आली, थांबली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली,

"बाबा, बरं नाही का?"